बरणीवरची चिठ्ठी आणि आतला मोरांबा

बालमित्रांनो, कैरीच्या आंबट फोडींनी भरलेल्या बरणीवर ‘मोरांबा’ अशी चिठ्ठी डकवली, तर आतल्या फोडी गोड होतील का? हसलात ना! पण संगणकापुढे बसलं की मोठी माणसंसुद्धा हेच करतात बरं का. जुनी फाइल उघडत नाही, म्हणून तिच्या नावातली शेवटची अक्षरं बदलतात. तरीही वर्ड ती उघडायला नकार देतो. देणारच! चिठ्ठी बदलली, आतला माल तोच आहे.

नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरं म्हणजे ही चिठ्ठी. ‘डब्ल्यूपीएस’ असेल, तर फाइल बहुधा मायक्रोसॉफ्ट वर्क्स या जुन्या प्रोग्रॅममधली. ‘डब्ल्यूपीडी’ असेल, तर वर्डपरफेक्टमधली. आजोबांच्या आठवणी, आईचा प्रबंध असं काहीतरी अशा फाइलींत अडकून पडलेलं असतं. ते सोडवायचं कसं?

आधी मूळ फाइलची नक्कल काढा. सगळे प्रयोग नकलेवर. मूळ फाइलला हात लावायचा नाही. मग लिबरऑफिस हा मोफत मिळणारा प्रोग्रॅम घ्या. त्याला अशा बऱ्याच जुन्या मांडण्या वाचता येतात. त्यात फाइल उघडा आणि ‘सेव्ह ॲज’ करून ‘डॉकएक्स’ प्रकारात साठवा. आता ती वर्डमध्ये उघडेल. तक्ते, चित्रं जागेवर आहेत ना, एखादं पान गळलं नाही ना, हे नीट तपासा.

इंग्रजी अक्षरांचा नुसता गोंधळ दिसला, तर घाबरू नका. जुने मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवत. तो फाँट नसला, की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. देवनागरीला स्वतःची जागा देणारं युनिकोड १९९१ मध्ये आलं, पण जुन्या फाइलींपर्यंत ते पोचलेलंच नाही.

शंभर पानांतलं एकेक अक्षर हातानं बदलायचं? छे! इथं मदतीला येतो मॅक्रो. मॅक्रो म्हणजे ओळीनं लिहून ठेवलेले हुकूम : हे चिन्ह दिसलं की ते अक्षर ठेव, मग पुढचं घे. संगणक न कंटाळता ते पाळतो. वर्ड २००७ पासून असे हुकूम सोबत ठेवायचे असतील, तर फाइल ‘डॉकएम’ प्रकारात साठवावी लागते. त्यातला ‘एम’ मॅक्रोचा. ‘डॉकएक्स’मध्ये मॅक्रो राहत नाही. आणि ‘डॉकएम’ केलं म्हणजे मॅक्रो आपोआप तयार होतो असंही नाही. त्याला फक्त जागा मिळते.

पण थांबा! हुकूम कुणी लिहिलेत, हे संगणक विचारत नाही. १९९९ च्या मार्चमध्ये ‘मेलिसा’ नावाचा विषाणू वर्डच्या फाइलीतल्या मॅक्रोमधूनच पसरला. फाइल उघडली, की पत्त्यांच्या वहीतल्या पहिल्या पन्नास जणांना ती ईमेलनं आपोआप जायची. असे प्रकार थांबेनात, म्हणून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टनं २०२२ पासून आपणहून अडवायला सुरुवात केली.

म्हणून नियम सोपा ठेवा. मॅक्रो नको असेल, तर ‘डॉकएक्स’ पुरे. मॅक्रो हवा असेल, तरच ‘डॉकएम’. आणि अनोळखी माणसाच्या ‘डॉकएम’ फाइलीत ‘मॅक्रो चालू करू का?’ असं विचारलं, तर सरळ ‘नाही’ म्हणायचं. आईबाबांनो, हे तुम्हालाही लागू आहे हं!

येत्या रविवारी घरातली एक जुनी सीडी शोधा. आईबाबांना शेजारी बसवा आणि एक तरी फाइल सोडवा. आजोबांचं लिहिलेलं त्यांनाच मोठ्यानं वाचून दाखवलंत, तर त्यांचा चेहरा कसा खुलेल! मग, बसताय ना कामाला?