बाहेरकाठा फुटला की कुणाचंच शेत वाचत नाही



एरवी या पानावर आपण राब, बियाणं, खत आणि खेकड्यांनी पोखरलेले बांध यावरच बोलतो. आज मृगाच्या तोंडावर जरा माणसांबद्दल बोलायचंय. २०२०-२१ च्या सव्वा वर्षात जे डोळ्यांनी पाहिलं त्याचा राग साठलाय. एकदा लावणी लागली की ना तुम्हाला वाचायला वेळ ना मला लिहायला, म्हणून आत्ताच लिहितो.

पनवेल, उरण, पेण, अलिबागच्या खारेपाटात ज्याने शेती केली, त्याला साथ कशी पसरते हे वेगळं शिकवायला नको. आपलं शेत समुद्राच्या भरतीपेक्षा खाली आहे. मधे उभा आहे तो मातीचा बाहेरकाठा. उधाणाला तो एका जागी फुटला, म्हणजे आपल्या भाषेत खांड गेली, की ज्याच्या शेतासमोर खांड गेली त्याचंच भात जातं असं नाही. खारं पाणी सातबारा बघून शिरत नाही. आतले बांध कितीही उंच घाला, दोन-चार भरत्यांत अख्खा पट्टा पाण्याखाली जातो. आणि एकदा खार मुरला की जमीन ताळ्यावर यायला दोन-तीन पावसाळे जातात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने आपल्याला पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही क्षार सोसणारी भातं दिली. पण सोसण्यालाही हद्द असते. शेतात उधाणाचं पाणी उभं राहिलं तर कुठलीच जात तग धरत नाही.

म्हणून आपल्याकडे जोळ होती. नव्या पोरांना हा शब्दच माहीत नाही, म्हणून सांगतो. बाहेरकाठा सगळ्यांचा, त्यामुळे त्याची डागडुजीही सगळ्यांनी करायची. घरटी एक माणूस आपलं फावडं-घमेलं घेऊन बांधावर हजर. खांड गेल्याची हाळी आली की रात्र असो वा पाऊस, जायचंच. तिथे ‘माझं शेत लांब आहे’ हे कारण चालत नव्हतं. ‘मना काय त्याचा?’ असं म्हणणाऱ्याला गाव दुसऱ्या दिवशी विचारायचं, की तुझ्या शेतात पाणी येईल तेव्हा आम्ही काय म्हणायचं?

त्या सव्वा वर्षात हेच ‘मना काय त्याचा’ मी चहूकडून ऐकलं.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि पहिल्या काही दिवसांत गावागावाच्या वेशीवर काट्या-बांबू आडवे पडले. पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याने चाकरमानी पायी निघाले होते. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. ज्या गावाला त्यांनी वर्षानुवर्षं मनिऑर्डरी पाठवल्या, देवळाच्या जीर्णोद्धाराला पावत्या फाडल्या, त्या गावांनीच त्यांना ‘येऊ नका’ सांगितलं. पुढे गणपतीतही त्यांनी किती दिवस वेगळं राहायचं यावर भांडणं झाली. वेगळं ठेवणं समजू शकतो. पण शाळेची एक खोली उघडून, दोन वेळचं ताट दारात ठेवून वेगळं ठेवता आलं असतं. काही गावांनी तसं केलंही. बाकीच्यांनी नुसता बांबू आडवा टाकला.

तळोज्याच्या कारखान्यांत आणि इमारतींच्या कामांवर राबणारे परप्रांती मजूर त्याच दिवसांत रस्त्यावर आले. मे महिन्यात पनवेल स्टेशनातून रीवाला श्रमिक गाडी सुटली, तोवर किती जण चालत निघून गेले होते. कित्येक चाळमालकांना त्यांच्या भाड्याची काळजी होती, त्यांच्या जेवणाची नव्हती.

शहराचंही तेच. २२ मार्चला बाल्कनीत उभं राहून टाळ्या-थाळ्या वाजल्या, आणि थोड्याच दिवसांत दवाखान्यात काम करणाऱ्या पोरींना ‘खोली खाली करा’ म्हणून सांगणारेही निघाले. सोसायटीच्या गेटवर आपली भेंडी, काकडी, कलिंगड चाललं. ते विकायला आलेल्या बाईला गेटवरच्या नळाचं पाणी मात्र चाललं नाही. मे २०२० मध्ये वाशीचं मार्केट आठवडाभर बंद होतं, तेव्हा शेतात माल पडून होता आणि चार मैलांवर लोक भाजीसाठी रांगेत होते. मधल्या मध्ये ज्याच्याकडे टेम्पो आणि पास होता त्याने दोन्हीकडून कापलं. तो टेम्पोवाला परका नव्हता, आपल्यातलाच शेतकऱ्याचा पोरगा होता.

एप्रिल २०२१ मध्ये तर कळसच झाला. बेड नाही, ऑक्सिजन नाही, रेमडेसिविरसाठी लोक मेडिकलच्या दारात रात्र काढतात, आणि त्याच वेळी कुणाच्या तरी फ्रीजमध्ये ‘लागलं तर असू दे’ म्हणून इंजेक्शन ठेवलेलं. ज्याला आज हवं होतं तो गेला, आणि ते इंजेक्शन तसंच राहिलं.

आता लसीचं. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण मोबाईलवरच्या नोंदणीने सुरू झालं. आमच्या भागातल्या एका आरोग्य केंद्रावर सकाळी गाड्यांची रांग होती. एकही गाडी गावातली नव्हती. ज्यांचं इंटरनेट जलद, त्यांनी घरबसल्या आमच्या गावातल्या जागा भरल्या. त्या केंद्राला लागून असलेल्या कातकरी वाडीत मोबाईलला रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते. १२ मे पासून राज्याने या वयोगटाचं लसीकरण थांबवलं, तोवर वाडीतला एकही पोरगा त्या खुर्चीत बसला नव्हता. गाडीतून आलेल्याने नियम मोडला नाही, हे मान्य. पण नियमात बसतं ते सगळंच शोभतं असं नाही. आणि वाडीतली म्हातारी माणसं सुईला घाबरतात, ‘लस घेतली की माणूस मरतो’ म्हणतात, तर त्यांच्याजवळ बसून समजवायला गावातलं कोण गेलं? आशाताई गेल्या. त्यांच्यासोबत आणखी कुणी गेल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

काही जण म्हणतील, लोक घाबरलेले होते, त्याला स्वार्थ कशाला म्हणता? भीती मलाही समजते. या तालुक्याला ती नवी नाही. कुष्ठरोग्याला घरदार तोडून बाहेर काढायचे, तो काळ फार जुना नाही. नेऱ्याचं शांतिवन अशाच माणसांसाठी उभं राहिलं. पण या वेळी सगळी भीतीच होती हे मला पटत नाही. त्याला कारण आपल्याच हळदी. कोरोनाने गेलेल्याच्या मयताला भावकी आली नाही, महापालिकेच्या आणि ग्रामपंचायतीच्या कामगारांनी अग्नी दिला. आणि त्याच आठवड्यात, त्याच पट्ट्यात, डीजे लावून हळदी झाल्या. हळदीला तीनशे, मयताला तीन. विषाणूची भीती असती तर ती हळदीतही वाटली असती. जिथे मजा होती तिथे भीती गेली आणि जिथे जबाबदारी होती तिथे ती आली. याला मी भीती म्हणत नाही.

मग आपण मुळातच असे आहोत का? तसंही नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. पत्रे उडाले, झाडं आडवी झाली, गावंच्या गावं अंधारात गेली. तेव्हा कुणी कुणाची वाट बघितली नाही. करवती-कोयते घेऊन पोरांनी रस्ते मोकळे केले, ज्याचं छप्पर शाबूत त्याच्या घरी दोन-दोन कुटुंबं राहिली. कोरोना तेव्हाही होताच. म्हणजे माणुसकी संपलेली नाही. पण वादळात काय करायचं हे हाताला माहीत असतं. दिसणारं संकट आलं की माणूस माणसाकडे धावतो. न दिसणारं आलं की दार लावून घेतो.

याच मातीत याहून मोठं घडलंय. १९३३ पासून तब्बल सहा वर्षं चरीच्या आसपासच्या कुळांनी खोतांविरुद्ध शेती संपावर टाकली, नारायण नागू पाटलांच्या मागे गावं उभी राहिली. सहा वर्षं पीक न घेता घरं कशी चालली असतील? एकट्याच्या जिवावर तर नक्कीच नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तानला आपली माणसं जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी उतरली, त्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्क्यांचा भूखंड आज ज्याच्या नावावर आहे, त्याने तो एकट्याने मिळवलेला नाही.

मला वाटतं बिघडलं ते हळूहळू. खार जमिनीचे कायदे झाले, बांध सरकारच्या खात्याकडे गेले, जोळ मोडली. ‘सरकार करील’ म्हणत आपण बांधावर जायचं सोडलं. सिडको आली, जमिनीला भाव आला, आणि बांधावरून होणारं भाऊ-भाऊ भांडण कोर्टात गेलं. पैसा वाईट नाही. पण ज्याला शेजाऱ्याची गरज उरली नाही असं वाटू लागलं, तो शेजाऱ्याला विसरला. नांगरासाठी बैल मागायला जावं लागत होतं तेव्हा ओळख राहायची. आता ट्रॅक्टर फोनवर येतो. सावड होती तेव्हा आजारी माणसाची लावणी रखडत नव्हती. आता मजूर मिळाला तर लावणी, नाही तर शेत ओसाड.

सरकार चुकलं नाही असं मी म्हणत नाही. लस वेळेत का आली नाही, ग्रामीण दवाखान्यात डॉक्टर का नाही, हे विचारलंच पाहिजे. पण बाहेरकाठ्याच्या दुरुस्तीसाठी खात्याकडे अर्ज करणारा शेतकरी, अर्ज मंजूर होईपर्यंत खांडीकडे बघत बसत नाही.

आणि एकत्र राहणं म्हणजे गर्दी करणं नव्हे. जोळीवरही एकावर एक उभे नसायचे. प्रत्येक जण आपल्या जागी, हाताच्या अंतरावर, पण बांध एकच. नांदेड जिल्ह्यातलं भोकर तालुक्यातलं भोसी गाव बघा. २०२१ मध्ये तिथे तपासणीत ११९ जण बाधित निघाले. गावाने त्यांना हाकललं नाही, आपापल्या शेतात राहायला पाठवलं. ज्यांना शेत नाही अशा मजुरांची सोय तिथल्या जिल्हा परिषद सदस्याने स्वतःच्या शेतातल्या शेडमध्ये केली. आशाताई शेतावर जाऊन रोज विचारपूस करत होत्या. गाव त्यातून बाहेर आलं. हिवरे बाजारला पोपटराव पवारांनी गावातल्याच माणसांची पथकं केली, घरोघर तपासणी केली, शाळेत विलगीकरण केलं. या दोन्ही गावांत आपल्यापेक्षा वेगळं औषध नव्हतं. शेत, शेड आणि शाळा आपल्याकडेही आहे.

२०२१ मध्ये तिसरी लाट येणार म्हणत होते. पुन्हा लाट येवो न येवो, लावणी तर येणारच आहे. म्हणून या चार गोष्टी आत्ता, राब उगवून येईपर्यंत ठरवूया.

एक, गावात ज्या घरात आजारपण किंवा मरण झालं, त्या घराची लावणी गावाने सावडीने करायची. मजुरी घ्यायची नाही. उघड्या शेतात अंतर ठेवून लावणी करता येते. कोरोनामुळे एकाही घराचं शेत पड राहता कामा नये.

दोन, प्रत्येक गावाने शेजारच्या वाडीची जबाबदारी घ्यायची. २०२१ मध्ये ४५ च्या वरच्यांना केंद्रावर जाऊनही नाव नोंदवता येत होतं. टेम्पो हळदीला मिळतो, तसा लसीलाही मिळेल. आधी स्वतः घेतलेल्या माणसाने जाऊन दंड दाखवायचा. भाषणापेक्षा ते पटतं.

तीन, शाळेची एक खोली, पाणी, वीज आणि दोन वेळचं जेवण कुणाकडून येणार, हे रुग्ण निघायच्या आधी ठरवायचं.

चार, हळदी घरच्या माणसांत.

वाडीचं मी पुन्हापुन्हा बोलतोय ते उपकार म्हणून नाही. एप्रिलमध्ये ज्यांना वेशीवरून परत पाठवलं, त्याच कातकरी-ठाकूर बाया जुलैत गुडघाभर चिखलात वाकून आपलं भात लावतात. साथीच्या वर्षीही लावलं, यंदाही लावतील. त्यांच्याकडे लस पोहोचली नाही, तर आपल्या बाहेरकाठ्याचा सगळ्यात कच्चा भाग तोच. पाणी तिथूनच शिरणार, आणि मग ज्याचं शेत सगळ्यात आत आहे तोही कोरडा राहणार नाही.

तुमच्या गावात काय झालं, कुणी चांगलं केलं असेल तर काय केलं, तेही लिहा. वाईट सगळ्यांना ठाऊक आहे. पण एखाद्या गावाने आजाऱ्याची लावणी केली असेल, तर ती कशी जमवली हे बाकीच्यांना कळलं पाहिजे. सात-आठ जून आला, बियाणं भिजत घाला, आणि जमलं तर संध्याकाळी वाडीवर एक चक्कर मारून या.