जकातीच्या कागदाची दुसरी बाजू

रमजानचे शेवटचे दहा दिवस जवळ आले की अनेक मुस्लिम घरांत बँकेची पासबुके, दागिन्यांच्या डब्या आणि दुकानाच्या वह्या बाहेर निघतात. जकातीचा हिशेब मांडायचा असतो. सोने-चांदी, रोकड, ठेवी, विक्रीचा माल आणि येणे रक्कम यांची बेरीज करायची, फेडायचे देणे वजा करायचे. उरलेली रक्कम ‘निसाब’ म्हणजे ठरलेल्या किमान संपत्तीइतकी असेल आणि तिला एक चांद्र वर्ष झाले असेल, तर तिच्यातले अडीच टक्के गरजूंचे. राहते घर, रोजची भांडीकुंडी, कारागिराची अवजारे यांत धरत नाहीत.

पगारदाराची किंवा दुकानदाराची जकात कमाईवर नसते, खर्च भागून जे उरते त्यावर असते. म्हणून ती काढताना घराला वर्षातून एकदा तरी विचारावे लागते: कमावले किती हे ठीक, पण उरले किती?

अर्थशास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न पडतो. फ्रँको मोदिग्लियानी यांनी रिचर्ड ब्रुमबर्ग यांच्यासह १९५४ मध्ये मांडले, की माणूस संपूर्ण आयुष्याकडे पाहून खर्च ठरवतो. कमावत्या वयात साठवतो आणि म्हातारपणी त्यावर जगतो. मोदिग्लियानींना १९८५ मध्ये नोबेल मिळाले. पण ज्यांची कमाई आज आहे, उद्या नाही आणि ज्यांना अडचणीत कर्ज मिळत नाही, त्यांचे गणित वेगळे असते. २०१५ चे नोबेल मिळवणारे अँगस डीटन यांनी दाखवले, की अशी कुटुंबे थोडीशी शिल्लक फक्त वाईट दिवसांसाठी धरून ठेवतात आणि ती पुन्हा पुन्हा संपते. रिक्षाचालक, हातगाडीवाला, शिवणकाम करणारी बाई यांना हे कुणी समजावून सांगायला नको.

भारतातली घरे साठवतात, पण कशात? रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीच्या २०१७ च्या अहवालानुसार सरासरी कुटुंबाची ८४ टक्के संपत्ती घर-जमीन व वस्तूंत, ११ टक्के सोन्यात आणि फक्त ५ टक्के बँक ठेवी, विमा, पेन्शन अशा आर्थिक साधनांत होती. घर विकून औषध आणता येत नाही. मग दवाखाना निघाला की सोने गहाण पडते. ते बहुतेक वेळा घरातल्या बाईचे असते.

इथे जकातीचा नियम एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. बायकोचे दागिने आणि मेहर ही तिची स्वतःची मालमत्ता. तिची जकात हीदेखील तिचीच जबाबदारी. म्हणजे हिशेबाला तिने बसलेच पाहिजे. प्रत्यक्षात अनेक घरांत आकडा नवरा काढतो आणि भिशीचा नंबर लागल्यावर ते पैसे लग्नाच्या मांडवात घालायचे की नाही, हेही तोच ठरवतो. हा रिवाज आहे, धर्म नव्हे.

दान करताना मागे काय उरेल याचा विचार करणे म्हणजे श्रद्धा कमी असणेही नव्हे. सअद बिन अबी वक्कास यांनी आजारपणात बरीचशी संपत्ती दान करण्याची परवानगी मागितली, तेव्हा पैगंबरांनी एक तृतीयांशाची मर्यादा घातली. वारसांवर लोकांपुढे हात पसरण्याची वेळ येऊ नये, हे त्यामागचे कारण होते.

म्हणून यंदा जकातीचा आकडा निघाला की कागद उलटावा आणि मागे तीन ओळी लिहाव्यात. हातपाय चालतील अशी वर्षे अंदाजे किती? शिक्षण, लग्न, हज यांपैकी पुढे ठरलेले मोठे खर्च कोणते? कमाई थांबल्यावर नवरा-बायको कशावर जगणार? उत्तरे अचूक नसतील. दरवर्षी त्याच कागदाशेजारी नवा कागद ठेवला की ती सुधारत जातील. दिवाळीला वहीपूजन करणाऱ्या घरांनाही यातले काही परके वाटणार नाही.

आज जकात देणारे घर वीस वर्षांनी जकात घेणाऱ्यांच्या रांगेत उभे राहू नये. त्याची तजवीज या हिशेबातच करता येते.