व्हीपीएन कंटेनरमध्ये ठेवा, पण किल्ल्या मोजूनच द्या

ऑफिसच्या सर्व्हरसाठी व्हीपीएन सुरू केले की अनेकदा संगणकाची सगळीच वाहतूक त्यातून जाऊ लागते. मग घरचा प्रिंटर सापडत नाही, बँकेची वेबसाइट अडते. गरज एका अ‍ॅपची, अडचण सगळ्यांची!

उपाय काय?
व्हीपीएन डॉकरसारख्या कंटेनरमध्ये चालवायचे आणि गरज असलेले अ‍ॅपच त्याच्या नेटवर्कला जोडायचे. बाकी संगणक नेहमीच्या इंटरनेटवर राहतो.

धोका कुठे?
कंटेनर म्हणजे वेगळा संगणक नव्हे. तो यजमान संगणकाचाच कर्नल वापरतो. बोगदा उभारायला साधारणपणे ‘नेट अ‍ॅडमिन’ ही परवानगी आणि ‘टन’ हे आभासी उपकरण लागते. २०२० मध्ये लिनक्स ५.६ पासून कर्नलमध्येच आलेल्या वायरगार्डला बहुतेकदा ही परवानगीच पुरते. तरीही काम लवकर व्हावे म्हणून अनेक जण सरसकट ‘प्रिव्हिलेज्ड’ मोड सुरू करतात. हे म्हणजे नळ दुरुस्तीला आलेल्याच्या हाती तिजोरीची किल्ली देणे. घुसखोर कंटेनरमध्ये शिरला, तर सगळा संगणक त्याच्या ताब्यात जाऊ शकतो.

एवढे तपासा
बोगदा तुटल्यावर वाहतूक गुपचूप उघड्या मार्गाने जाऊ नये, यासाठी फायरवॉलने बाकी वाटा बंद करा. डीएनएसही बोगद्यातूनच जाऊ द्या. मग मुद्दाम व्हीपीएन तोडून पाहा. अ‍ॅपचे इंटरनेट थांबले, तरच मांडणी बरोबर. गोपनीयतेसाठी केलेल्या सोयीत चालू राहण्यापेक्षा वेळेवर बंद पडणे महत्त्वाचे.