ची... ची... ब्रेक के बाद!

महागड्या गाडीचे महागडे ब्रेक केकाटायला लागले, की पुण्यात दोन सल्ले फुकट मिळतात. पहिला : ‘अगं, परफॉर्मन्स पॅड आहेत, ओरडणारच!’ दुसरा : ‘आजच्या आज बदल, नाहीतर मरशील!’ गंमत अशी की दोन्ही सल्ले बरोबर असू शकतात. एकाच गाडीत, एकाच दिवशी. माझ्या एका मैत्रिणीच्या गाडीत नेमकं हेच झालं, म्हणून आजचा कॉलम ब्रेकवर.

मैत्रीण हिंजवडीत टीम लीड आहे. गेल्या वर्षी तिने स्वतःला वाढदिवसाचं गिफ्ट दिलं. सेकंडहँड, दोन सीटची, छप्पर उघडणारी स्पोर्ट्स कार. (कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही.) आधीचा मालक बंगळुरूचा. हौशी माणूस. कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर गाडी घेऊन जायचा आणि त्यासाठी त्याने चारही चाकांना खास ट्रॅकवरचे ब्रेक पॅड बसवून घेतले होते. गाडी विकताना हे त्याने फीचर म्हणून सांगितलं. आवाजाबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही.

आवाज तरी कसा? ऑफिसच्या बेसमेंटमध्ये गाडी उतरायला लागली, की वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहायचा. सिग्नलला हळूहळू थांबताना शेजारचा रिक्षावाला वाकून बघायचा. लाखोंची गाडी आणि आवाज खारी-बटर विकणाऱ्याच्या जुन्या सायकलचा! सोसायटीतल्या पोरांनी गाडीचं बारसं केलं, ‘चिमणी’. पहिले पंधरा दिवस मॅडमना जाम लाज वाटली. मग कुणीतरी पहिला सल्ला दिला आणि लाजेचा अभिमान झाला. ‘रेसिंग पॅड आहेत ना, म्हणून!’ सहा महिन्यांत तिला तो आवाज ऐकूच येईनासा झाला.

आता थोडं सायन्स. बोअर करणार नाही, प्रॉमिस. १४०० किलोची गाडी ताशी १२० किलोमीटरने धावतेय. तुम्ही ब्रेक दाबून ती थांबवली, तर तिच्यातली सगळी ऊर्जा कुठेतरी जायला हवी. बरीचशी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. किती? साधारण पावणेआठ लाख ज्यूल. म्हणजे नळाचं सव्वादोन लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी. एका ब्रेकमध्ये पंधरा कप चहाचं आधण! ट्रॅकवर असं दर वळणाला होतं. साधे पॅड त्या तापमानात हार मानतात, पकड सुटते. म्हणून ट्रॅकच्या पॅडचा मसाला वेगळा असतो. त्यात धातू जास्त, घटक कडक, आणि त्यांची खरी पकड सुरू होते तीच तापल्यावर. बाणेरहून हिंजवडीला ट्रॅफिकमध्ये रांगत जाताना ते तापणार कधी? बिचारे पूर्ण वेळ गारच. आणि गार असताना ते दोन गोष्टी करतात. जरा कमी धरतात, आणि ओरडतात.

ओरडतात का, तर फळ्यावर खडू धरून बघा. एका कोनात धरला की ‘कीऽऽच’. खडू सरकतो, अडकतो, सरकतो, अडकतो, सेकंदात हजारो वेळा. पॅड आणि डिस्कचं तसंच. डिस्क ओतीव लोखंडाची, ताटलीसारखी. ताटली वाजते, तशी ती थरथरते आणि तो थरथराट हजार हर्ट्झच्या वर गेला, की आपल्या कानाला सुईसारखा टोचतो. साध्या गाडीत हे होऊ नये म्हणून कंपन्या बरीच खटपट करतात. पॅडच्या पाठीला आवाज जिरवणारी पातळ चकती लावतात, तिला शिम म्हणतात. पॅडच्या कडा तिरप्या तासतात, मधे खाच पाडतात, मसाला मऊ ठेवतात. ट्रॅकचे पॅड बनवणाऱ्यांना यात फारसा रस नसतो. हेल्मेट घातलेल्या माणसाला ची-ची ऐकू येत नाही ना.

तेव्हा पहिला सल्ला देणारे खोटं बोलत नव्हते. गाडी सकाळी गार असताना, हळू वेगात, पाय हलका ठेवला की बारीक, उंच पट्टीतला आवाज. आणि जरा जोरात दाबलं किंवा पॅड तापले की गायब. हा त्या पॅडचा स्वभाव. आजार नाही.

पण ब्रेकला एकच आवाज नसतो! पावसाळ्यात रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीची डिस्क सकाळी तांबूस दिसते. पहिल्या चार-सहा ब्रेकला खरखर होते, गंज पुसला जातो, विषय संपला. ब्रेक न दाबताही सतत पत्रा घासल्यासारखं वाजत असेल, तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्याच्या मधे खडा अडकलाय का बघा. आपल्या रस्त्यांची खडी या कामात एक्स्पर्ट आहे. रिव्हर्स घेऊन पुढे निघताना पहिल्या ब्रेकला एकदाच ‘टक्’ झालं, तर बहुतेक पॅड जागेवर हलतोय, त्याला धरून ठेवणारी स्प्रिंग किंवा क्लिप नीट बसलेली नाही. पॅड बदलताना जुन्या क्लिपा ‘चालतंय की’ म्हणून फेकून दिल्या, की हा प्रकार हमखास. काही गाड्यांच्या पॅडला पत्र्याची छोटी जीभ असते. पॅड संपत आला की ती डिस्कला टेकते आणि गाडी नुसती चालतानाही किंचाळते, कधीकधी तर ब्रेक दाबला की उलट शांत होते. आणि सगळ्यात वाईट आवाज जाड, खालच्या पट्टीतला. कर्रर्र. जितका जोरात ब्रेक, तितका जास्त. पाट्यावर वाळू वाटल्यासारखा. तो आला की गाडी बाजूला घ्यायची. बास.

मैत्रिणीला हा कर्रर्र आठवडाभर येत होता. पण चिमणीची सवय झालेली! तिच्या लेखी तो जुनाच आवाज, थोडा ‘बेस’ वाढलेला. आमचा रविवारी ताम्हिणीचा प्लॅन होता. शुक्रवारी मी तिच्या शेजारी बसले, चांदणी चौकाच्या उतारावर तिने ब्रेक दाबला आणि माझ्या पायांना खालून थरथर जाणवली. मी मास कॉमवाली आहे, मेकॅनिकलवाली नाही. पण गाडी तापलेली होती, पाय जोरात होता, आणि तरी आवाज थांबत नव्हता. ‘हा तुझा चिमणीचा आवाज नाहीये,’ मी म्हटलं. ती म्हणाली, ‘अगं, महिन्यापूर्वीच दाखवून आणलीय.’

दाखवली होती हे खरं. एका चकचकीत, कॉफी देणाऱ्या वर्कशॉपमध्ये. तिथल्या मुलाने टॉर्च घेतला, अलॉयच्या काड्यांमधून आत बघितलं आणि सांगितलं, ‘पॅड भरपूर आहेत, मॅडम.’ चाक उघडलं नाही. डॅशबोर्डवरही दिवा नव्हता.

शनिवारी सकाळी नाना पेठेतल्या एका गल्लीत, जिथे कॉफी नाही पण कटिंग मिळतो, तिथल्या चाचांकडे गाडी नेली. चाचांनी आधी गाडी बघितलीच नाही. तिलाच प्रश्न विचारले. आवाज गार असताना येतो का गरम? हळू दाबल्यावर की जोरात? वळताना बदलतो का? कुठल्या बाजूने येतो? मग स्वतः शेजारी बसून गल्लीत एक चक्कर मारली आणि म्हणाले, ‘मागचं डावं खोला.’

चाक निघालं. बाहेरचा पॅड छान, बिस्किटाएवढा जाड. मैत्रीण माझ्याकडे विजयी मुद्रेने बघणार, तेवढ्यात चाचांनी कॅलिपर उचलून आतला पॅड काढला आणि तिच्या हातावर ठेवला. पापड! खरं तर पापडही नाही. मसाला संपून लोखंडी पाठच डिस्कला घासत होती. डिस्कच्या आतल्या बाजूला बोटाला लागतील असे चर पडलेले.

‘ताई, बाहेरून काय दिसतं? बाहेरचाच पॅड दिसतो,’ चाचा म्हणाले.

झालं होतं असं. अशा कॅलिपरमध्ये पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो आणि मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन गंजून अडकली, की सरकणं बंद. सगळी मेहनत आतला पॅड एकटा करतो आणि झिजून मरतो, बाहेरचा मजेत. (आपापल्या ऑफिसमधली उदाहरणं आठवली असतील, तर तो योगायोग समजावा.) राहिला दिवा. झिजेचा सेन्सर बऱ्याच गाड्यांत चारही चाकांना नसतोच, आणि या ट्रॅकच्या पॅडना तर सेन्सरची जागाच नव्हती. वायर बांधून बाजूला सारलेली.

ताम्हिणी अर्थातच रद्द. त्या उतारावर दर वळणाला ब्रेक मागावा लागतो आणि आमच्याकडे एका चाकाला लोखंडावर लोखंड होतं. मैत्रीण दोन मिनिटं काही बोलली नाही. मग तिने कटिंग मागवला, तीन.

चाचांनी पिना काढून साफ केल्या, रबराचे फाटलेले बूट बदलले, पिनांना त्यांचं खास ग्रीस लावलं. मागच्या दोन्ही डिस्क नवीन, कारण एकाच बाजूची बदलली तर दोन बाजूंची पकड वेगळी होते. एक गोष्ट मी मुद्दाम टिपून घेतली. शेजारच्या गॅरेजचा पोरगा स्प्रे घेऊन आला होता, ‘पॅडवर मारा, आवाज बंद’ म्हणत. चाचांनी त्याला हाकललं. पॅडच्या तोंडावर तेल किंवा ग्रीस गेलं, की आवाज बंद होतो आणि ब्रेकही! ग्रीस लावायचं ते पाठीला, तेही बोटभर नाही, पुसटसं. काचपेपरने पॅड घासून देणं हा दुसरा लोकप्रिय उपाय. पॅडचं तोंड काचेसारखं गुळगुळीत झालं असेल, तर त्याने काही दिवस बरं वाटतं. झिजलेल्या पॅडला त्याचा शून्य उपयोग. आणि ब्रेकची काळी धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका, ती तुमच्याच फुप्फुसात जाते.

घाट आणि ब्रेक यांचं नातं जुनं आहे, बरं का. इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या टेकड्यांवर घोडागाडीवाले उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट लावायचे. ते बघून हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाला ब्रेकसाठी वेगळं अस्तर बनवण्याची कल्पना सुचली, असं सांगतात. १८९७मध्ये त्याने सुरू केलेल्या उद्योगातून ‘फेरोडो’ हे नाव आलं. त्याच्या आडनावातली इंग्रजी अक्षरं उलटसुलट करून त्यात एक वाढवलंय. आजही रेसिंगवाले हे पॅड वापरतात.

आता चारही चाकांना पॅड कुठले टाकायचे? मैत्रीण म्हणाली, ट्रॅकचेच, शान आहे. चाचांनी विचारलं, ‘ट्रॅकवर किती वेळा जाता?’ उत्तर : शून्य. मग त्यांनी गार असतानाही धरणारे, रस्त्यासाठीचे स्पोर्ट्स पॅड सुचवले. शिमसकट, नव्या क्लिपांसकट, सेन्सरच्या जागेसकट.

नवे पॅड लगेच ताणायचे नसतात, आधी डिस्कशी त्यांची ओळख करून द्यावी लागते. पॅडच्या मसाल्याचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसावा लागतो, तो नीट नाही बसला तर नवे पॅडही ओरडतात. त्याची पद्धत पॅडच्या खोक्यातल्या पत्रकात असते, ती वाचा. रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर आम्ही तेच केलं. वेग घ्यायचा, बऱ्यापैकी दाबून कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग. असं आठ-दहा वेळा. मग ब्रेकला शक्यतो हात, सॉरी, पाय न लावता गाडी शांतपणे चालवत गार करायची. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं, तर तिथेच डाग पडतो आणि पुढे पेडल थरथरतं.

पुढच्या चाकांचे जुने ट्रॅक पॅड मात्र तिने फेकलेले नाहीत. ते अजून जाड आहेत. घरी चपलांच्या कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेत आणि कोइमतूरला पुढचा ट्रॅक डे कधी आहे, याची चौकशी चालू आहे. मागच्यांची जोडी आता नव्याने घ्यावी लागेल, हे चाचांनी तिला आधीच सांगून ठेवलंय.