पोलीस आपले नाहीत, मग बंदूक आपली?

2023 साली आपल्या जालना जिल्ह्याची दोन गावे राज्यभर गाजली. मार्च महिन्यात, रमजानमध्ये, भोकरदन तालुक्यातील अन्वा गावच्या मशिदीत घुसून तोंड बांधलेल्या तिघांनी इमाम साहेबांना मारहाण केली, घोषणा द्यायला नकार दिला म्हणून त्यांची दाढी कापली, अशी तक्रार झाली. गुन्हा अज्ञात व्यक्तींवर नोंदला गेला आणि गावात बंदोबस्त लागला. पुढे 1 सप्टेंबरला अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसलेल्या लोकांवर लाठीमार झाला. बायाबापड्या, म्हातारी माणसे जखमी झाली. आधी दगडफेक झाली, आमचेही कर्मचारी जखमी झाले, असे पोलिसांचे म्हणणे होते. तीन दिवसांनी गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्या लाठीमाराबद्दल माफी मागितली. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले.

या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण दोन्हींनंतर लोक जे बोलत होते ते मात्र एकच होते. मार्चमध्ये मुसलमान म्हणत होते, पोलीस आपले नाहीत. सप्टेंबरमध्ये तेच वाक्य मराठा समाजातून ऐकू आले. पोलीस दुसऱ्याचे आहेत असे जेव्हा प्रत्येकालाच वाटते, तेव्हा लोक पुढचा प्रश्न विचारतात: मग आपले रक्षण आपणच का करू नये?

या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या बीड जिल्ह्याने देऊन पाहिले आहे. शहागडचा पूल ओलांडला, गोदावरी मागे टाकली की बीड सुरू होते. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अपहरण करून हत्या झाली, आणि त्यानंतर त्या जिल्ह्यातील शस्त्र परवान्यांचा आकडा चर्चेत आला. बाराशेहून अधिक परवाने! शेजारच्या परभणीत ही संख्या काही डझनांच्या पुढे नव्हती. अर्जात कारण असते ते स्वसंरक्षणाचे. प्रत्यक्षात हवेत गोळीबार करणाऱ्यांचे व्हिडिओ लोकांनी मोबाईलवर पाहिले. पुढे प्रशासनाने अनेक परवाने रद्द केले. इतक्या बंदुका असूनही दिवसाढवळ्या पळवून नेलेल्या सरपंचाचा जीव वाचला नाही. बंदुकांनी तो जिल्हा सुरक्षित झाला असता, तर सर्वांत निर्धास्त माणूस बीडमध्ये राहिला असता.

आपल्या समाजातील काही तरुणांनाही आता परवान्याची वाट दिसू लागली आहे. त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परवाना देतात जिल्हाधिकारी, पण त्याआधी अहवाल मागवला जातो तो तुमच्याच हद्दीतील पोलीस ठाण्याकडून. म्हणजे ज्या ठाण्यावर विश्वास नाही म्हणून बंदूक हवी, त्याच ठाण्याची शिफारस घेऊन ती मिळणार. ठाण्यात ज्याची ओळख आहे त्याला ती सहज मिळेल. ज्याची तक्रारसुद्धा लिहून घेतली जात नाही, त्याला बंदूक कोण देणार? शस्त्रांची शर्यत दुबळ्याने जिंकल्याचे उदाहरण नाही.

कायद्याने स्वसंरक्षणाचा हक्क नाकारलेला नाही. तो आधी भारतीय दंड संहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे. रात्री शेतातल्या आखाड्यावर दरोडेखोर कुऱ्हाडी घेऊन चालून आले, तर शेतकऱ्याने हात जोडून उभे राहावे असे कोणताही कायदा सांगत नाही. जिवाची खरी भीती असेल तर हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत प्रतिकार करण्याची मुभा आहे. मात्र दोन अटी आहेत. बचावासाठी लागेल तेवढेच बळ वापरायचे. आणि पोलिसांकडे जाण्याइतका वेळ हाताशी असेल, तर हा हक्क मिळत नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर तो बचाव होत नाही. दुसऱ्या दिवशी दहा जण जमवून त्याच्या घरावर चालून जाणे, हा तर सरळ गुन्हा आहे.

दुसरी अट नीट वाचली की सगळा वाद तिथेच अडकलेला दिसतो. पोलिसांकडे जायला वेळ होता का, असे न्यायालय विचारते. लोक विचारतात, गेलो असतो तर त्यांनी काय केले असते? या दोन प्रश्नांमधले अंतर जितके वाढते, तितकी झुंडीला जागा मिळते.

झुंडीला जात-धर्म नसतो असे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. ती कुणाला पकडते हे बहुतेक वेळा त्या माणसाच्या पेहरावावर, भाषेवर, परकेपणावर ठरते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले गेले. एप्रिल 2020 मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक पोलिसांच्या डोळ्यांदेखत मारले गेले. जून 2023 मध्ये नाशिक जिल्ह्यात गोरक्षणाच्या नावाखाली दोन मुसलमानांचा बळी गेला. 2025 च्या जुलैत कुरेशी समाजाने जनावरांची खरेदी थांबवली, तेव्हा रस्त्यावर गाड्या अडवणाऱ्यांचा फटका शेतकऱ्यालाही बसतो, हे मराठवाड्यातील बाजारांनी पाहिले.

आपल्या घरातही डोकावले पाहिजे. एप्रिल 2023 मध्ये औरंगाबादेत बुरखा घातलेल्या एका मुलीला हिंदू मित्राबरोबर पाहून मुसलमान तरुणांच्या टोळक्याने तिला घेरले, तिचा व्हिडिओ काढला. त्यांनाही आपण समाजाचे रक्षण करतो आहोत असेच वाटत होते. गाडी अडवणारा गोरक्षक आणि मुलीला अडवणारा हा तरुण, दोघांनी स्वतःला एकच पदवी बहाल केली आहे. पहिल्याचा निषेध करायचा आणि दुसऱ्याच्या बाबतीत गप्प बसायचे, हे चालणार नाही.

याहून अवघड प्रश्न आहे तो वर्दीतल्या गोळीचा. बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला, तेव्हा तक्रार नोंदवून घ्यायला पोलिसांनी पालकांना तासन्‌तास ताटकळत ठेवले. संतापलेल्या लोकांनी 20 ऑगस्ट 2024 रोजी रेल्वे अडवली. 23 सप्टेंबरला आरोपी पोलीस गाडीतच गोळी लागून मेला. त्याने पोलिसाचे पिस्तूल हिसकावून गोळी झाडली, म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळी घातली, असे पोलिसांनी सांगितले. पेढे वाटले गेले, ‘बदला पुरा’ अशी पोस्टर्स मुंबईत लागली. आपल्यातही टाळ्या वाजवणारे कमी नव्हते. जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकारी चौकशीने स्वसंरक्षणाच्या दाव्यावर शंका घेतली आणि पाच पोलिसांना मृत्यूला जबाबदार धरले. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचे आदेश दिले.

यातली विसंगती पाहा. तक्रार लिहून घेण्याइतकाही विश्वास ज्या खात्यावर उरला नव्हता, त्याच खात्यावर महिनाभरात लोकांनी न्यायाधीश आणि जल्लाद अशी दोन्ही कामे सोपवली. पोलिसांच्या हातून होणाऱ्या मृत्यूंची चौकशी कशी व्हावी, याचे नियम सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच प्रकरणात 23 सप्टेंबर 2014 रोजी घालून दिले होते. बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला, बदलापूरचा आरोपी मारला गेला.

त्या मुलींच्या आईवडिलांचा संताप कुणी कमी लेखू नये. त्या माणसाला कठोर शिक्षा व्हायलाच हवी होती. पण खटलाच चालला नाही. गुन्हा नेमका कसा घडला, शाळेत कुणी दडपण्याचा प्रयत्न केला का, याची मुख्य आरोपीच्या तोंडची साक्ष कायमची गेली. मुसलमानांनी, दलितांनी, भटक्यांनी तर अशा गोळीला टाळी देण्याआधी दहादा विचार करावा. आज ज्याच्यासाठी टाळी वाजते तो उद्या आपल्या मोहल्ल्यातला, कदाचित निरपराध पोरगा असेल, आणि तेव्हा ‘चौकशी करा’ म्हणायला आपल्याला तोंड उरणार नाही.

मग करायचे काय? विश्वास भाषणांनी येत नाही, ठाण्यातल्या रोजच्या वागणुकीतून येतो. दखलपात्र गुन्ह्याची नोंद करणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच सांगितले आहे. ठाण्यात नकार मिळाला तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे आणि तिथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, 17 जुलै 2018 रोजी, झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा एक अधिकारी नेमण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिले. जालन्यात तो अधिकारी कोण, त्याचा फोन नंबर काय, हे प्रत्येक ठाण्याच्या फलकावर ठळक लिहिलेले असावे, अशी मागणी आपण लेखी केली पाहिजे. ती मराठा, दलित, बंजारा, मुसलमान अशा सगळ्यांनी मिळून केली तर तिला वजन येईल.

हे स्वप्नरंजन नाही. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी 1988 पासून मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. गल्लीतली हिंदू-मुसलमान माणसे आणि त्या भागाचा पोलीस नियमाने एकत्र बसू लागले. सण असो वा नसो. डिसेंबर 1992 मध्ये शेजारची मुंबई जळत होती, भिवंडी शांत राहिली. आपल्याकडे शांतता समितीची बैठक गणपती-मोहरमच्या तोंडावर होते, चहा होतो, फोटो निघतो आणि वर्षभर कुणी कुणाला विचारत नाही.

बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी 2025 मध्ये पोलिसांच्या नावपट्टीवरून आडनाव काढून फक्त पहिले नाव ठेवायला सांगितले. पट्टी बदलल्याने मन बदलत नाही, हे खरे. पण आडनाव वाचूनच लोक ‘हा आपला’, ‘हा त्यांचा’ असे ठरवतात, एवढे तरी खात्याने त्यातून कबूल केले.

पुढची पायरी आपली आहे. तक्रार घेऊन जाल तेव्हा एकटे जाऊ नका, शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या समाजाच्या माणसाला बरोबर न्या. पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका. बंदुकीच्या परवान्यासाठी जितक्या खेटा घालाल, तितक्याच या कामासाठी घाला.