पोळं मारायचं आणि पेटी ठेवायची?

हिवाळ्यात पुण्याजवळ मोशी-चिखलीकडच्या उंच इमारतींच्या छज्ज्यांना आग्या मोहोळं लागतात आणि सोसायटीच्या बैठकीत ठराव होतो: फवारणीवाल्याला बोलवा. सकाळी पार्किंगमधला मेलेल्या माश्यांचा खच झाडून गोणीत भरला जातो. वर कुणीतरी हळहळतं, ‘मधमाश्या जगातूनच नाहीशा होत चालल्यात, गच्चीवर एक पेटी ठेवू या.’

ही भरपाई खोटी आहे. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जगातल्या पाळीव वसाहती १९६१ पासून कितीतरी वाढल्या आहेत. तुटवडा पेट्यांचा नाहीच. आग्या पेटीत नांदत नाही. तिचं एकुलतं उघडं पोळं उंच फांदीला, कड्याला, नाहीतर आता आपल्या छज्ज्याला लटकतं. आग्या मारली आणि पेटीत पाळली जाणारी मेलिफेरा माशी आणली, तर आग्याचं काय परत आलं? माश्या सावरतात कशा, हे सातेरी या दुसऱ्या देशी मधमाशीने दाखवलं आहे. १९९१-९२ पासून थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतात सातेरीच्या बहुसंख्य वसाहती मेल्या. पुढे संख्या वाढली ती तगून राहिलेल्या वसाहतींतून. जे तगलंय तेच मारलं तर वाढणार काय?

राहिला धोका. तो खरा आहे. शेकडो डंखांनी माणूस दगावतो. पण आग्या उगाच अंगावर येत नाही. दगड, फटाके, जाळ, मधुबाजाची झडप यांनी ती उठते. एरवी फुलोरा आटला की पावसाळ्याआधी पोळं सोडून आपणहून निघून जाते. पाळणाघराच्या खिडकीशीच पोळं असेल तर ते जाणकाराकडून हलवावंच. जाणकार शोधायला लांब जायला नको: मधमाशीपालन शिकवणारी केंद्रीय संस्था १९६२ पासून पुण्यातच आहे.

आणि माशी हवी कशाला, तर चाकणच्या बाजारात उतरणारा कांदा पाहा. बियाण्याच्या कांद्याच्या एका गोंड्यात शेकडो बारीक फुलं असतात. प्रत्येक फुलाचे पराग आधी झडतात, स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणजे स्वतःचा पराग त्याच्या कामाचा नाही. दुसऱ्या फुलाचा पराग अंगाला माखून कुणीतरी यावं लागतं, आणि ते काम मुख्यतः मधमाश्या करतात. खेड तालुक्यात गोंडे फुलतात साधारण फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे छज्ज्यांवर पोळी असतानाच. आग्या काही किलोमीटर सहज उडते. शहराच्या कडेची शेतं तिच्या टप्प्यात आहेत.

पेस्ट कंट्रोलच्या वार्षिक करारात झुरळं, वाळवी, उंदरांच्या रांगेत मधमाशी बसवलेली असेल, तर पुढच्या सर्वसाधारण सभेत ती ओळ खोडून घ्या.