सिंघम पुन्हा आला, पण कदमबाई कुठं गेल्या?

भाऊबीजेला आमच्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. ओवाळणं झालं की जेवणं, आणि जेवणं झाली की सिनेमा. 2024च्या दिवाळीत ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, 1 नोव्हेंबरला, ‘सिंघम अगेन’ लागला होता. भाऊबीज आली रविवारी. मग काय! भाऊ, वहिनी, भाचे, माझी दोन्ही मुलं, हे आणि सासूबाई असं सगळं लटांबर दापोडीहून निघालं. तिकिटं आणि पॉपकॉर्न मिळून जेवढा खर्च झाला तेवढ्यात घरचा महिन्याचा किराणा आला असता. पण म्हटलं, वर्षातून एकदा भाऊ येतो, कशाला हिशोब करायचा?

सिनेमा संपला. पोरं ‘काय एन्ट्री होती’ म्हणत पुढे गेली. मी सासूबाईंचा हात धरून जिना उतरत होते. त्या मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘अगं, यात गाव कुठं होतं?’’

मैत्रिणींनो, तो प्रश्न मला घरी येईपर्यंत पुरला. खरं सांगायचं तर अजून पुरतोय.

सासूबाईंना गाव आठवत होतं, कारण पहिला ‘सिंघम’ आम्ही दोघींनी बरोबरच पाहिला होता. 22 जुलै 2011 ला तो लागला. थोरला तेव्हा पाच वर्षांचा होता, माझ्या मांडीवर बसून त्यानं सिनेमा पाहिला. बाहेर धो धो पाऊस, आत पहिली पाळी सुटून आलेली कामगार मंडळी आणि शिट्ट्यांनी दणाणलेलं थिएटर. मूळचा सिनेमा तमिळ, 2010 मधला सूर्याचा ‘सिंगम’. पण रोहित शेट्टींनी तो आपल्याकडे आणला तो अगदी मराठी करूनच. शिवगड गाव, बाजीराव सिंघम असं भारदस्त नाव, हवालदाराच्या वेषात आपले अशोकमामा, शिवाय सचिन खेडेकर, सोनाली कुलकर्णी. आपल्या घरातलीच माणसं मोठ्या पडद्यावर आल्यासारखं वाटलं होतं. गुंडाला जामिनाची हजेरी द्यायला या आडगावात यावं लागतं आणि सगळं गाव आपल्या फौजदाराच्या मागे उभं राहतं. ते बघून सासूबाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या होत्या.

मला मात्र सगळ्यात जास्त आठवतात त्या कदमबाई. मेघा कदम. सोनाली कुलकर्णींनी केलेली भूमिका. नवरा प्रामाणिक इन्स्पेक्टर, त्याच्यावर लाचखोरीचा खोटा आळ येतो, तो स्वतःला गोळी घालून घेतो. मागे राहते बायको आणि लहान मुलगा. शाळेतली पोरं त्या लेकराला नको नको ते बोलतात. ही बाई नवऱ्याच्या नावावरचा डाग पुसण्यासाठी एका दारातून दुसऱ्या दारात जाते. भूमिका तशी लहान, पण सिनेमाचा जीव तिथं होता. गाड्या उडत होत्या, खांब उपटले जात होते, ते सगळं ठीक. पण हे कशासाठी चाललंय, ते आपल्याला त्या बाईच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

2014 मध्ये 15 ऑगस्टला ‘सिंघम रिटर्न्स’ आला. यात सिंघम मुंबईत पोचलेला. ढोंगी बाबा, काळा पैसा असा पसारा वाढलेला, पण एका हवालदाराच्या मरणापासून गोष्ट सुरू होते आणि त्याच्या घरच्यांची बदनामी होते. म्हणजे अजून पोलिसाच्या घराला दार होतं. मग 2018 च्या डिसेंबरात रणवीर सिंगचा ‘सिम्बा’ आला, नोव्हेंबर 2021 मध्ये, करोनानं बंद पडलेली थिएटरं उघडल्यावर, अक्षय कुमारचा ‘सूर्यवंशी’ आला. आणि 2024 ला सगळ्यांची एकत्र जत्रा. अजय देवगण, अक्षय, रणवीर, टायगर श्रॉफ, दीपिका, शेवटी सलमानचीही झलक. एकेकाला ओवाळून आत घ्यायचं म्हटलं तरी अर्धा सिनेमा संपतो! ताटात सतरा पदार्थ वाढलेत, पण मीठ कशातच नाही. शिळ्या कढीला ऊत तो किती आणायचा?

बायकांचं म्हणाल तर या खेपेला सिंघमच्या बायकोला, म्हणजे करिनाला, पळवून लंकेत नेलं आहे. रामायणाची कथा समांतर चालवली आहे, तेव्हा ओघानंच आलं. दीपिकाला ‘लेडी सिंघम’ म्हणून एवढं गाजवलं, पण तिच्या वाट्याला आलं किती? एक बाई सुटकेची वाट बघणारी आणि एक बंदूक घेऊन हसणारी. मधली बाई, जिचं घर मोडलंय आणि जी न्याय मागत हिंडतेय, ती मात्र गायब.

तुम्ही म्हणाल, सिनेमा तो सिनेमा, तीन तास करमणूक झाली, एवढं मनाला काय लावून घेता? माझंही हेच मत होतं. पण आमचा बचत गट आहे आणि त्या निमित्तानं गेली काही वर्षं मी बायकांबरोबर पोलीस चौकीची पायरी चढते. त्यामुळे पडद्यावरचा पोलीस आणि टेबलामागचा पोलीस, दोघंही मला दिसतात.

गटातल्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगते. नवरा दारू पिऊन मारायचा. एका रात्री डोकं फुटलं तेव्हा आम्ही तिघीजणी तिला घेऊन चौकीत गेलो. तिथं उत्तर मिळालं, ‘‘घरगुती आहे, सकाळी मिटवून घ्या.’’ सकाळी दुसरीकडे गेलो. तिथं एक महिला पोलीस हवालदार होत्या. त्यांनी आधी तिला पाणी दिलं. मग समोर बसवून दोन तास एकेक गोष्ट विचारत तक्रार लिहून घेतली. तारखा जुळवल्या, दवाखान्याचे कागद जोडले, वाचून दाखवलं, मगच सही घेतली. नंतर कोर्टात त्याच कागदाचा आधार झाला. त्या बाईंनी ना गाडी उडवली, ना कुणाच्या कानाखाली जाळ काढला. हातात होतं एक साधं पेन. तेव्हापासून माझ्या लेखी सिंघम त्याच!

आता मुद्द्याचं बोलते. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरला शाळेतल्या दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं. त्या आईबापांना तक्रार नोंदवून घ्यायलाच कित्येक तास ताटकळावं लागलं. लोक चिडून रेल्वे रुळांवर उतरले. 23 सप्टेंबरला बातमी आली की आरोपीला नेताना पोलिसांच्या गाडीतच त्याला गोळी लागली आणि तो मेला. आमचा थोरला, आता कॉलेजात जाणारा, टीव्हीसमोर उभा राहून म्हणाला, ‘‘बरं झालं. असंच पाहिजे. सिम्बानं केलं तसं.’’

मी काही क्षण गप्पच बसले. कारण पहिली भावना माझ्याही मनात तीच आली होती. आई आहे मी. पण नंतर वाटलं, ‘सिम्बा’त नेमकं काय झालं होतं? मुलीवर अत्याचार होतो, खून होतो आणि नायक आरोपींना पोलीस ठाण्यातच गोळ्या घालतो. असंच करायला पाहिजे, हे सिनेमातल्या बायकांच्याच तोंडून वदवून घेतलंय. आणि मग बाजीराव सिंघम येतो तो चौकशी करायला नव्हे, तर पाठीशी घालायला. ज्या सिंघमनं एका खोट्या आरोपानं मेलेल्या माणसाचं नाव स्वच्छ केलं, तोच आता खोट्या चकमकीवर पांघरूण घालतो! माझी निराशा खरी तिथं झाली.

मुलाला मी एवढंच विचारलं, ‘‘त्या कदम इन्स्पेक्टरवर आळ आला होता तेव्हा सगळ्यांनी त्याला चोर ठरवलं होतं. तेव्हाच कुणी गोळी घातली असती तर?’’ तो म्हणाला, ‘‘आई, ते वेगळं.’’ म्हटलं, वेगळं कसं? खरं कोण आणि खोटं कोण, हे तपास केल्याशिवाय कळणार कसं?

बदलापूरच्या त्या गोळीबाराबद्दल उच्च न्यायालयानं प्रश्न विचारले आणि जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलिसांवर ठपका आला. त्याआधी डिसेंबर 2019 मध्ये हैदराबादला डॉक्टर तरुणीच्या प्रकरणातले चार संशयित असेच मारले गेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली होती. सर्वोच्च न्यायालयानं माजी न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांचा आयोग नेमला. आयोगाचा अहवाल 2022 मध्ये उघड झाला. पोलिसांची हकीकत विश्वास ठेवण्याजोगी नाही, असं त्यात म्हटलं होतं. सप्टेंबर 2023 मध्ये तर मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ‘सिंघम’सारख्या सिनेमांचं नाव घेऊनच सांगितलं की, कायद्याची वाट न पाहता एकटा नायक न्याय करतो, हा संदेश घातक आहे.

कुणी म्हणेल, कोर्टात वर्षानुवर्षं तारखा पडतात, त्याचं काय? अगदी खरं आहे. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. माझ्या त्या मैत्रिणीलाही कितीतरी हेलपाटे पडले. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असं लिहिलंय, पण तसं क्वचितच होतं. राग येणारच. पण विचार करा, बदलापूरला गोळी सुटली, मात्र त्या आधी तक्रार लिहायला पेन उघडायलाच किती उशीर झाला होता! गोळीनं तो उशीर भरून निघाला का? त्या दिवशी ताटकळलेल्या आईच्या जागी उद्या दुसरी आई उभी राहील, तेव्हा तिच्यासाठी काय बदललं असेल? गोळीचा आवाज मोठा असतो, त्यात बाकीचे प्रश्न ऐकू येईनासे होतात.

आणि आता थोडं स्वतःच्या पदराखालीही बघते. पहिल्या ‘सिंघम’चा शेवट तरी कुठं कायद्याचा होता? तिथंही खलनायकाला पोलिसांनीच संपवलं होतं, आणि शिट्ट्या मारणाऱ्यांत आम्हीही होतो. सासूबाईंच्या टाळ्या आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी, दोन्ही खरं होतं. कदमबाईंना न्याय मिळाला या आनंदात तो कसा मिळाला हे आम्ही पाहिलंच नाही. पुढच्या भागांनी बाई काढून टाकली, गाव काढून टाकलं आणि उरली नुसती गोळी. म्हणजे बी तेव्हाच पेरलं गेलं होतं, फक्त त्यावर माणुसकीची माती होती म्हणून दिसलं नाही.

यावरून मला ‘अर्धसत्य’ आठवतो. 1983 चा गोविंद निहलानींचा सिनेमा. श्री. दा. पानवलकरांची कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, ओम पुरींचा अनंत वेलणकर. तोही चिडलेला मराठी फौजदार, तोही शेवटी गुंडाला मारतो. पण त्यानंतर तो स्वतःहून ठाण्यात जाऊन हजर होतो. त्याला विजयाचं संगीत नाही की मागून येणाऱ्या मोटारी नाहीत. त्या सिनेमाचा दुसरा भाग काही निघाला नाही. निघणार तरी कसा? केलेल्या कृत्याची किंमत मोजायची म्हटलं की पुढचा भाग काढता येत नाही.

मैत्रिणींनो, मुलांना हे सिनेमे दाखवू नका असं मी मुळीच म्हणणार नाही. दाखवले नाहीत तर ती मोबाईलवर बघतील. फक्त बरोबर बसून बघा आणि जेवताना एखादा प्रश्न विचारा. आणि शिट्ट्या वाजवणाऱ्या आपल्या पोरांना कधीतरी खऱ्या चौकीतही घेऊन जा. तक्रार कशी लिहितात ते त्यांना दिसू दे. आपल्यालाही काही गोष्टी पाठ हव्यात. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, कुठल्याही पोलीस ठाण्यात तो नोंदवता येतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यायची. ठाण्यात दाद दिली नाही तर पोलीस अधीक्षकांना किंवा शहर असेल तर आयुक्तालयाला लेखी कळवायचं. अडचणीच्या वेळी 112 आणि बायकांसाठी 181 हे नंबर पोरींच्या वहीत लिहून ठेवायचे. आमच्या पिंपरी-चिंचवडला 15 ऑगस्ट 2018 पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. पण कार्यालय जवळ आलं तरी पाऊल आपल्यालाच उचलावं लागतं.

पुढचा भाग निघाला तर भाऊबीजेला आमचं लटांबर पुन्हा जाईलच, खोटं कशाला बोलू? रोहित शेट्टींच्या कानावर दापोडीच्या एका बाईचं म्हणणं जाणार नाही, हेही ठाऊक आहे. पण गेलंच तर एवढंच सांगावंसं वाटतं, एक हेलिकॉप्टर कमी करा हो, आणि त्या पैशात कदमबाईंना परत आणा. त्यांचा मुलगा एव्हाना माझ्या थोरल्याएवढा झाला असेल. वडिलांवर खोटा आळ आला होता, हे ज्यानं सोसलंय तो आज चकमकीची बातमी बघून काय म्हणेल? त्याची गोष्ट सांगा. सासूबाई गावासकट बघायला येतील.